वाऱ्यासाठी काढलेला रस्ता

"ट्रस्टनं आपलं घर वाऱ्याला दिलं," असं माझे आजोबा सांगायचे. घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत. आमच्या पणजोबांचं गिरगावातलं कौलारू घर सँडहर्स्ट रोडच्या रुंदीत गेलं. आज त्या रस्त्याला सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणतात. घर पाडलं तेव्हा अण्णा अगदी लहान होते, त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. पण वडिलांकडून ऐकलेलं ते इतक्या तपशिलानं सांगत की ओटीवरच्या झोपाळ्याच्या पितळी कड्यासुद्धा आम्हा नातवंडांना दिसायच्या.

त्यामागची हकीकत प्लेगची. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या बाजूला गाठीचा ताप सुरू झाला आणि बघता बघता मुंबई रिकामी होऊ लागली. ज्यांना गाव होतं ते गावाला पळाले. जे राहिले त्यांच्या दाराशी सरकारी माणसं येत. आजारी माणूस सापडला की त्याची रवानगी इस्पितळात आणि घरच्यांची छावणीत. आत उजेड यावा म्हणून छपराची कौलं उतरवत, भिंतींना चुना फासत, दारावर खुणा करत. आमच्या पणजीनं दाराशेजारची ती खूण रात्रीतून शेणानं सारवून टाकली, अशी घरातली गोष्ट. ती खरी असेल किंवा पुढच्या पिढीनं थोडी सजवली असेल. पण पणजीची आठवण म्हणून आमच्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे, म्हणून मी ती जपून सांगतो.

या प्लेगातून 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट जन्माला आला. रोग कोंदट हवेतून, ओलीतून आणि अंधारातून पसरतो, अशी तेव्हाच्या जाणकारांची समजूत. म्हणून शहराच्या दाट वस्तीत पश्चिमेकडून पूर्वेकडे रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्रावरचा वारा थेट आत शिरेल, असा बेत ठरला. प्रिन्सेस स्ट्रीट त्यातूनच निघाला आणि चौपाटीपासून डोंगरीपर्यंत जाणारा सँडहर्स्ट रोडही. हे रस्ते माणसांच्या येण्याजाण्यासाठी होतेच, पण त्यांची दिशा ठरवली ती वाऱ्यानं.

ट्रस्टनं केलं ते सगळं बरोबर केलं, असं मी म्हणणार नाही. पाडापाडी भराभर झाली. त्या मानानं नवी घरं उशिरा आणि कमी झाली. उठवलेली कुटुंबं शेजारच्याच गल्ल्यांत, आधीच भरलेल्या खोल्यांत जाऊन राहिली. पणजोबांचं बिऱ्हाड असंच एका चाळीतल्या दोन खोल्यांत आलं. पण अण्णांचा ट्रस्टवर राग नव्हता. पुढे ते त्याच ट्रस्टच्या कचेरीत कारकून म्हणून लागले आणि 1933 मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला तेव्हा पालिकेचे नोकर झाले. तिथंच त्यांनी ऑरसाहेबांचा नियम ऐकला आणि तो त्यांच्या डोक्यात कायमचा बसला.

जे. पी. ऑर हे ट्रस्टचे अध्यक्ष होते. खोलीत उजेड आणि हवा पोचायची असेल तर साडेत्रेसष्ट अंशांचा कोन मोकळा हवा, असा त्यांचा आग्रह होता. भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात एक रेषा वर काढायची आणि समोरच्या इमारतीनं ती अडवायची नाही. सोप्या भाषेत सांगायचं तर मधली मोकळी जागा जितकी रुंद, तिच्या दुपटीपेक्षा समोरची इमारत उंच नको. दहा फुटांची गल्ली असेल तर समोर वीस फूट. अण्णा आम्हाला फिरायला नेत तेव्हा मधेच थांबून हात तिरका वर करत आणि म्हणत, "बघ, इथं आकाश दिसतं का?" आम्ही कंटाळायचो. आता त्याच गल्लीतून जाताना माझा हात आपोआप तसा वर जातो.

आमची चाळ तळमजला आणि वर तीन मजले अशी होती. मधे फरसबंदी चौक, भोवती लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या. चौकाचं महत्त्व मला पुस्तकांतून नाही, माझ्या आजीकडून कळलं. तिला सगळे माई म्हणत. माई सांगायची की मे महिन्यात चौकाची वाटणीच ठरलेली असे. सकाळी उन्हं आली की एका बाजूला पापड-कुरडयांचं वाळवण, दुपारी सावली सरकली की पोरांचा खेळ, रात्री उकाड्यात पुरुषमाणसांच्या पथाऱ्या. लग्नाच्या पंगती तिथंच, मुंजी तिथंच, वाद मिटवायच्या सभाही तिथंच. गणपती तर चौकातच बसायचा. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळींत 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव आहे, मुंबईतला सर्वांत जुना म्हणून तो ओळखला जातो. इथल्या कितीतरी वाड्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. चौक नसता तर गणपती रस्त्यावर बसवावा लागला असता, असं माई म्हणायची.

वाहनाचा पहिला वाद आमच्या चाळीत झाला तो याच चौकावरून. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री धावली. माई आणि अण्णा ती बघायला गेले होते. गर्दीत माईची चप्पल हरवली, ती तशीच अनवाणी घरी आली. त्यानंतर काही वर्षांनी तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी फियाट घेतली. चाळीतली ती पहिली गाडी. पोरं तिचा नंबर पाठ म्हणून दाखवायची. मालकानं डॉक्टरांना चौकाच्या कोपऱ्यात गाडी उभी करायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या बायका खाली उतरल्या. भांडण झालं नाही. माईनं फक्त विचारलं, "डॉक्टर, तुमची गाडी रोज इथं राहिली तर वाळवण कुठं घालायचं ते तुम्हीच सांगा." डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी गाडी वाडीच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला नेऊन लावली आणि ती तिथंच राहिली. खाजगी गाडी सार्वजनिक रस्त्यावर फुकट उभी करायची सवय या शहराला लागली, तिची आमच्या घरातली सुरुवात ही. त्या दिवशी चौक वाचला, पण त्याची किंमत रस्त्यानं भरली.

चाळी पडायला का आल्या, हे गिरगावात पोरासोरांना ठाऊक आहे. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरू वाचले ते त्यामुळेच. पण पुढे पंचवीस-तीस रुपयांच्या भाड्यात मालक ना छप्पर शाकारी, ना जिना बदली. 1969 च्या कायद्यानं दुरुस्ती मंडळ आलं आणि इमारतींवर उपकर बसला. आमच्या गॅलरीला लाकडी टेकू लागले ते तेव्हा, आणि ते तात्पुरते टेकू मी नोकरीला लागेपर्यंत तिथंच होते. ज्यांच्या मुलांची लग्नं झाली ते डोंबिवलीला, मुलुंडला, बोरिवलीला गेले. राहिले ते जागेवरच्या मायेनं किंवा नाइलाजानं.

मग बिल्डर आला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी कलम 33(7) होतं. तेव्हा 70 टक्के भाडेकरूंची संमती मिळाली की मालक किंवा त्यानं नेमलेला बिल्डर इमारत पाडू शके, जुन्या भाडेकरूला मालकीचं घर फुकट मिळे आणि त्या बदल्यात बिल्डरला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची मुभा, मिळे. भाडेकरूला किमान 225 चौरस फूट, पुढे ते 300 झालं. आमच्या 160 फुटांच्या खोलीत सहा माणसं राहत होती. माई ऐंशीच्या पुढे गेली तरी रात्री-अपरात्री भिंतीला धरून गॅलरीच्या टोकाच्या सामाईक संडासात जायची. घरात संडास, नळाला चोवीस तास पाणी, लिफ्ट, हे सगळं आम्हाला टॉवरनं दिलं आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो. जुन्या चाळींचं कौतुक करणाऱ्यांनी त्या संडासाच्या रांगेत एक पावसाळा काढायला हवा होता.

माझं म्हणणं टॉवरच्या उंचीबद्दल नाही. त्याच्या खालच्या आठ मजल्यांबद्दल आहे.

नकाशा पहिल्यांदा टेबलावर पसरला तो प्रसंग मला स्वच्छ आठवतो. माझे काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. सगळे आपापल्या खोलीचा चौरस आकार बोटानं शोधत होते, तेव्हा त्यांनी इमारतीचा उभा छेद पुढे ओढला आणि खिशातली फूटपट्टी त्यावर ठेवली. खाली दुकानं, प्रवेशद्वार आणि गाड्यांसाठी खांबांमधली मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट, त्यावर पार्किंग, त्यावर पार्किंग, असं आठव्या मजल्यापर्यंत. नवव्यापासून आम्ही, आणि आमच्या वर विक्रीचे फ्लॅट. काकांनी मोजून सांगितलं की गाड्यांच्या मजल्यांची उंची पंचवीस मीटरच्या आसपास भरते, म्हणजे आपली चाळ गच्चीसकट त्यात जवळजवळ दोनदा मावेल. खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग कुणीतरी कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देखभालीसाठी देणार त्या, रकमेचा विषय काढला आणि सभा तिकडे वळली.

आठ मजले गाड्यांना का, याचं उत्तर हिशेबात आहे. नियमानुसार लागणारी पार्किंगची जागा चटईक्षेत्रात धरत नाहीत. गाड्यांचे मजले कितीही चढले तरी विकायच्या घरांतला एक चौरस फूटही कमी होत नाही. उलट तेवढ्यानं विक्रीचे फ्लॅट शेजारच्या छपरांच्या वर उचलले जातात, चौपाटीचा समुद्र दिसू लागतो आणि भाव वाढतो. गॅलरीचं मात्र उलट झालं. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले आणि बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे वगैरे चटईक्षेत्रात मोजायला लागले. गैरवापर होत होता म्हणून मोजायला लागले, हे मान्य. त्याबदल्यात 35 टक्के फंजिबल, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा, क्षेत्र दिलं, हेही मान्य. पण जिथं माणूस संध्याकाळी उभा राहतो ती जागा मोजायची आणि जिथं रिकामी गाडी दिवसभर उभी राहते ती मोजायची नाही, असा नियम असला की इमारत कुणाच्या सोयीची होणार हे आधीच ठरतं.

गाड्यांचं माप घराच्या मापावर ठरतं, हीसुद्धा समजून घेण्याजोगी गोष्ट आहे. 2018 पासून लागू झालेल्या मुंबईच्या नियमावलीत 45 चौरस मीटरपर्यंतच्या चार घरांमागे एक गाडी धरलेली आहे आणि 90 चौरस मीटरच्या वर गेलं की एकाच घरामागे दोन. आमची 300 फुटांची घरं म्हणजे 28 चौरस मीटरसुद्धा नाहीत. म्हणजे त्या आठ मजल्यांपैकी बहुतेक मजले ज्या घरांसाठी उभे राहिले, ती घरं आमची नव्हतीच. आमच्या वाट्याला आल्या त्या थोड्या जागा, त्याही एकावर एक गाडी चढवायच्या लोखंडी सांगाड्यांत.

तो सांगाडा रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर चालतो. खांबाला छातीच्या उंचीवर एक पिवळी पेटी, तिच्यात हिरवं आणि लाल बटण, बाजूला किल्लीचं भोक. वरची गाडी काढायची तर आधी खालची बाहेर काढून रस्त्यावर उभी करायची. मग किल्ली फिरवून हिरवं बटण दाबून धरायचं, बोट सुटलं की पत्रा तिथंच थांबतो. साखळी करकरत पत्रा खाली येतो, त्याच्या कडेनं काळं तेल खालच्या फरशीवर ठिबकतं. तेवढ्यात रस्त्यावर मागून टेम्पो आलेला असतो आणि तो हॉर्न वाजवत राहतो. वीज गेली की वरची गाडी वरच. म्हणून ज्यांना जागा मिळाली आहे तेही गाडी रात्री रस्त्यावरच लावतात. म्हणजे आठ मजले बांधूनही वाडीच्या तोंडाशी गाड्यांची रांग आहेच, आणि त्या रांगेतून अग्निशमनाचा बंब आत कसा वळणार, याची मला मनापासून धास्ती वाटते. ऑक्टोबर 2023 मध्ये गोरेगावातल्या एका पुनर्वसनाच्या इमारतीत खालच्या पार्किंगमध्ये आग लागली, धूर जिन्यातून वर चढला आणि झोपेतली माणसं गेली.

सार्वजनिक वाहनतळांची कथाही फार वेगळी नाही. 2008 च्या सुमारास पालिकेनं योजना आणली की बिल्डरनं सार्वजनिक वाहनतळ बांधून पालिकेला द्यावा आणि बदल्यात चार चटईक्षेत्र निर्देशांकापर्यंत जादा बांधकाम घ्यावं. शहरात असे अनेक तळ उभे राहिले आणि त्यांतले बरेच ओस राहिले, कारण बाहेर रस्त्यावर फुकट जागा होती. शेवटी जुलै 2019 मध्ये पालिकेनं 26 वाहनतळांच्या 500 मीटर परिसरात बेकायदा गाडी लावणाऱ्यांना हजारो रुपयांचा दंड जाहीर केला, तेव्हा कुठं लोक आत वळले. भुलाभाई देसाई रस्त्यावर 2021 मध्ये एकवीस मजली यांत्रिक वाहनतळ सुरू झाला, 240 गाड्यांचा. मुंबईत नोंदलेली वाहनं 40 लाखांच्या वर आहेत. असे मनोरे बांधून हा हिशेब जुळणार नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

न्यायालयानं मात्र दोनदा स्पष्ट सांगितलं आहे आणि ते आपल्या वाड्यांत फारसं पोचलेलं नाही. 31 ऑगस्ट 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयानं दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की मोकळी किंवा स्टिल्टची पार्किंग बिल्डर वेगळी विकू शकत नाही, ती सोसायटीची सामाईक जागा आहे. आणि डिसेंबर 2013 मध्ये, दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेवरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, त्याच न्यायालयानं म्हटलं की मनोरंजनासाठीची मोकळी जागा जमिनीवर आणि आभाळाखाली हवी, गाड्यांच्या मजल्यांवरच्या गच्चीवर, म्हणजे पोडियमवर, नव्हे. मी हे वाचलं तेव्हा अण्णांची फार आठवण झाली. पण त्या अटीचा गिरगावला उपयोग थोडा, कारण ती लागू होते एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडांना. आमच्या वाड्या त्याच्या आत बसतात. ज्यांच्याकडे जमीन थोडी, त्यांना मोकळ्या जागेचा हक्कही थोडा.

आमचा गणपती आता स्टिल्टमध्ये बसतो, दोन खांबांच्या मधे. मूर्तीची उंची पूर्वी वर्गणी बघून ठरायची, आता तुळई आणि तिच्याखालून गेलेला आगविझवणीचा पाइप बघून ठरते. मूर्तिकाराकडे जाताना कार्यकर्ते टेपनं माप घेऊन जातात. आरतीला मंडळी उभी राहतात ती गाड्यांच्या बॉनेटना टेकून. लहान मुलांना यात काही कमी वाटत नाही, त्यांना हेच माहीत आहे.

माई गेली ती टॉवरमध्ये आल्यानंतर दुसऱ्या वर्षी, पहाटे. तिला खाली आणलं आणि ठेवायला जागा नव्हती. वॉचमननं गाड्यांच्या मालकांना इंटरकॉमवरून उठवलं. त्यातले दोघे विक्रीच्या फ्लॅटमधले, ज्यांनी माईला कधी पाहिलंही नव्हतं. ते रात्रीच्या कपड्यांतच खाली आले, मुकाट्यानं गाड्या काढल्या आणि शेवटपर्यंत थांबले. त्यांची माणुसकी मी विसरणार नाही. पण चाळीत कुणी गेलं तर जागा कुणाकडे मागावी लागत नव्हती.

ऑक्टोबर 2025 मध्ये गिरगाव स्थानकातून भुयारी मेट्रो सुरू झाली. तिच्यासाठी इथल्या कित्येक कुटुंबांनी घरं सोडली. आता दाराशी मेट्रो, पलीकडे चर्नी रोडची लोकल, कोपऱ्यावर बस. तरीही नव्या इमारतीला कमीत कमी किती पार्किंग हवं हे नियम सांगतो, कमीत कमी किती अंगण हवं हे आमच्यासारख्या छोट्या भूखंडाला सांगत नाही. स्थानकाच्या आसपास पार्किंगवर कमाल मर्यादा घालावी, आणि गाड्यांचे मजलेही चटईक्षेत्रात मोजावेत, असं माझं ठाम मत आहे. हे दोन बदल झाले तर बिल्डर स्वतःहून आठाचे तीन मजले करील.

ते होईल तेव्हा होईल. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या ज्या वाड्यांत आज संमतीपत्रं फिरत आहेत, तिथल्या माझ्या बांधवांना एवढंच सांगायचं आहे. आपल्या खोलीचं फक्त क्षेत्रफळ बघून सही करू नका. इमारतीचा उभा छेद मागा आणि गाड्यांचे मजले मोजा. सामाईक पार्किंग कोणतं आणि जुन्या भाडेकरूंना आणि विक्रीच्या फ्लॅटना त्याचा हक्क किती, ते विचारा. बंब कुठून आत येणार आणि कुठं वळणार, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. लोखंडी सांगाड्यांची देखभाल दहा वर्षांनी कोण करणार, ते विचारा. आणि तळमजल्यावर एक जागा, पंगत बसेल एवढी, कोणतीही गाडी कधीही उभी राहणार नाही अशी, नोंदणीकृत करारात लिहून घ्या.